कलम ६४-अ : व्यसनी आरोपींच्या उपचारासाठी मनपाच्या अंदाजपत्रकात काय आणि किती मागायचे?

पाणंद

'ड' वर्ग महानगरपालिकेच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी टिपणी तयार करतो आहे. जाणकारांची मदत हवी आहे.

शहरात अमली पदार्थांच्या ज्या केसेस होतात त्यांत बरेचसे लोक चिलीम ओढताना सापडलेले असतात, नाहीतर जवळ गांजाची पुडी, ग्रॅमभर एमडी (मेफेड्रोन) किंवा 'बटन', 'कुत्ता गोळी' या झोपेच्या गोळ्यांच्या दोन-तीन स्ट्रिपा सापडलेले. माल विकणारे वेगळे आणि हे वेगळे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याने (कलम ६४-अ वगैरे) अशांना तुरुंगाऐवजी उपचाराची वाट ठेवली आहे. पण न्यायाधीशांनी "पाठवू कुठे?" असे विचारले तर शहरात सांगण्यासारखी जागा नाही.

मनपाचे १०० खाटांचे सामान्य रुग्णालय आहे. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस मानधनावर येतात. आरोग्य विभागाचा जुना प्रस्ताव ५० खाटांच्या स्वतंत्र व्यसनमुक्ती केंद्राच्या इमारतीचा होता, तो जागेच्या प्रश्नावर पडून राहिला. मला विचारायचे आहे ते असे : मनपाला कायद्याने यात नेमके काय करता येते? वर्षाला साधारण ६० माणसे धरली तर किती मनुष्यबळ आणि किती खाटा लागतील? पैसा अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली मागावा म्हणजे तो अडकणार नाही?

कोर्टवारी

आधी कायदा, कारण तुमच्या टिपणीचा पाया तिथे आहे.

एनडीपीएस कायदा १९८५ मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची नेहमी सरमिसळ होते. कलम ३९ दोषी ठरल्यानंतर लागते. आरोपी व्यसनी आहे आणि गुन्हा सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आहे, तर कोर्ट लगेच कैदेची शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन त्याला उपचारासाठी सोडू शकते. उपचाराचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात कोर्टापुढे यावा लागतो. अहवाल चांगला असेल तर ताकीद देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर मोकळीक मिळते. पण दोषसिद्धी नोंदली गेलेली असते.

कलम ६४-अ त्याच्या आधीचे आहे. त्याच प्रकारचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार मागतो आणि घेतो, तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. सध्याच्या मजकुरात ही सवलत आयुष्यात एकदाच, असे कुठेही म्हटलेले नाही.

आता तुमच्या कामाचा शब्द. कलम ३९ मध्ये शासनाने चालवलेली किंवा मान्यता दिलेली संस्था लागते. कलम ६४-अ मध्ये शासन 'किंवा स्थानिक प्राधिकरण' असे शब्द आहेत. म्हणजे मनपाचे स्वतःचे रुग्णालय ६४-अ साठी थेट बसते. शिवाय शहरातल्या एखाद्या संस्थेला मनपा मान्यताही देऊ शकते. हे वाक्य टिपणीच्या पहिल्याच परिच्छेदात घ्या. "हे शासनाचे काम आहे, आपले नाही" हा शेरा तिथेच थांबतो.

अडचणी कुठे येतात तेही लिहितो.

पहिली, 'व्यसनी' या शब्दाची व्याख्या. कलम २(अ) प्रमाणे अमली पदार्थावर अवलंबित्व असलेली व्यक्ती म्हणजे व्यसनी. मित्रांबरोबर एकदा दम मारलेला मुलगा यात बसत नाही. त्यामुळे अर्जासोबत मानसोपचारतज्ज्ञाचा अवलंबित्वाचे निदान लिहिलेला दाखला हवा. 'रुग्ण अमली पदार्थ घेतो' एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर अर्ज टिकत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे (आयसीडी) संकेतांक लिहा : गांजा एफ१२.२, गर्द (हेरॉइन) एफ११.२, झोपेच्या गोळ्या एफ१३.२, एमडीसारखे उत्तेजक एफ१५.२.

दुसरी, वजन. अल्प प्रमाण म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, मेफेड्रोन २ ग्रॅम, अल्प्राझोलाम ५ ग्रॅम, नायट्राझेपाम २० ग्रॅम. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात ठरवले की शुद्ध अंश नव्हे, तर मिश्रणाचे एकूण वजन धरायचे. याचा फटका गोळ्यांना बसतो. अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घ्या. औषध अर्धा मिलिग्रॅम, पण गोळीचे वजन १०० मिलिग्रॅमच्या आसपास. पन्नास गोळ्या झाल्या की ५ ग्रॅमची हद्द आली. औषध म्हणून मोजले तर त्यात २५ मिलिग्रॅमच आहे! दहाच्या पाच स्ट्रिपा जवळ असलेला माणूस ६४-अ च्या काठावर उभा असतो, आणि सहावी असेल तर बाहेर. कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपची १०० मिलीची एक बाटलीदेखील या हिशेबाने १० ग्रॅमची हद्द ओलांडते. तिथे औषधी सवलतीच्या अधिसूचनेवर युक्तिवाद करावा लागतो. तेव्हा पंचनाम्यात गोळ्यांची संख्या आणि वजन दोन्ही नीट लिहिले गेले आहे का, ते वकिलाने पहिल्या दिवशीच पाहावे.

तिसरी, जोड कलमे. सेवनाच्या केसमध्ये कलम २९ (चिथावणी आणि कट) किंवा २७-अ जोडले गेले की उपचाराची वाट बंद झाल्यासारखी होते. सेवनाचे कलम २७ आणि वित्तपुरवठ्याचे २७-अ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, नंबर मात्र शेजारी-शेजारी.

चौथी, 'पूर्ण उपचार' म्हणजे काय हे कायद्याने सांगितलेले नाही. ते तुमच्या केंद्रानेच पहिल्या दिवशी लिहून द्यायला हवे : इतके दिवस भरती, इतक्या भेटी, अमुक तारखेला पूर्ण. हा कागद अर्जासोबत कोर्टात लागला की नंतर वाद राहत नाही.

नोटशीट

कायदा वर स्पष्ट झालाच आहे, मी पैशाचे सांगतो. ५० खाटांचा प्रस्ताव मागे घ्या. तो अडला हे एका अर्थी बरे झाले.

तुमचीच ६० माणसे धरून हिशेब करू. यांतल्या एक-तृतीयांशांना भरती लागेल असे गृहीत धरा (गर्द आणि गोळ्यांचे जास्त, गांजाचे कमी). २० माणसे गुणिले १४ दिवस म्हणजे २८० खाट-दिवस. एक खाट वर्षाला ३६५ खाट-दिवस देते. सरासरीने एक खाटही पूर्ण भरत नाही! माणसे एकदम येतात, सणांच्या आधी पोलिसांची मोहीम निघते, म्हणून चार खाटा राखीव ठेवा. सामान्य रुग्णालयाच्या वैद्यकीय कक्षातच, परिचारिकेच्या टेबलासमोर. नवी इमारत कशाला?

खरा खर्च भेटींचा आहे. पहिले तीन महिने आठवड्याला एक म्हणजे १३, पुढचे तीन महिने पंधरवड्याला एक म्हणजे ६, उरलेले सहा महिने महिन्याला एक म्हणजे ६. एका माणसामागे २५ भेटी, साठ जणांच्या १,५००. एक समुपदेशक दिवसाला नीट पाच जणांशी बोलू शकतो. कामाचे २४० दिवस धरले तर १,२००. म्हणजे दोन समुपदेशक हवेतच. उरलेला वेळ घरी फोन, गटसत्र, गैरहजरांचा शोध यात जातो आणि तो जायलाच हवा.

त्यांच्या जोडीला एक 'कोर्ट समन्वयक' मागा. हे पद कोणीच मागत नाही आणि सगळे त्याच्यावाचून अडते. सकाळी मॅजिस्ट्रेट कोर्टात हजर राहणे, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला अर्जाचा नमुना देणे, जामीन झाला की त्याच दिवशी माणसाला रुग्णालयात आणणे, तारखेच्या आदल्या दिवशी अहवाल तयार ठेवणे, हे सगळे त्याचे काम. समाजकार्य पदवीधर चालतो. अट एकच, तो रोज त्याच कोर्टात दिसला पाहिजे.

आता शीर्ष. व्यसनमुक्तीची तरतूद भांडवली बाजूला (बांधकामाच्या खर्चात) गेली की तिची इमारत होते आणि इमारतीला माणसे मिळत नाहीत. म्हणून महसुली बाजूला (दरवर्षीच्या चालू खर्चात), वैद्यकीय सेवांखाली स्वतंत्र उपशीर्ष उघडायला सांगा. पहिल्या वर्षी पूर्ण रक्कम मिळाली नाही तरी टोकन (नाममात्र) तरतूद तरी पडू द्या, कारण शीर्षच नसेल तर वर्षाच्या मध्ये पुनर्विनियोजन करून पैसा वळवता येत नाही. मनपाच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) समुपदेशकाचे पद बहुधा नसेल. नवे पद शासनाकडून मंजूर होईपर्यंत थांबू नका, ११ महिन्यांच्या मानधन तत्त्वावर मागा. पण करार संपायच्या दोन महिने आधी मुदतवाढीची नस्ती चालू झाली पाहिजे. नाहीतर एप्रिल-मेमध्ये समुपदेशक नसतो आणि तेवढ्यात निम्मी माणसे तुटतात.

जिल्हा नियोजन समितीकडून पैसा मागायचा तर नाविन्यपूर्ण योजनेत मागा, पण तिथून एकदाच लागणाऱ्या वस्तू घ्या : खाटा, ऑक्सिजन मॉनिटर, संगणक, बोलण्यासाठी एका खोलीचे पार्टिशन. पगारासारखा दरवर्षीचा खर्च तिथे टाकला की दुसऱ्या वर्षी हात वर होतात. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नशामुक्ती आराखड्यात शासकीय रुग्णालयांतल्या व्यसनोपचार सुविधांसाठी डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि औषधे यांचा खर्च मिळतो, दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रामार्फत. मनपा रुग्णालयाने त्यासाठी अर्ज करावा, पण त्याच्या भरवशावर आपली तरतूद शून्य ठेवू नये.

ओपीडी ७

वैद्यकीय बाजूने थोडे, कारण अंदाजपत्रकात 'औषधे' अशी एक ओळ लिहून लोक मोकळे होतात.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले. त्यामुळे पुडीसाठी पकडलेलाही पोलीस ठाण्यातून सुटत नाही, किमान एक रात्र कोठडीत काढतो. ती रात्र उपचाराच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असते. गर्दवाल्याला शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत टर्की (नशा तुटल्याचा त्रास) लागते : नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांत गोळे, उलट्या, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते. त्रास भयंकर, पण पाणी आणि क्षार पोटात जात राहिले तर धडधाकट माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो.

गोळ्यांचे उलट आहे. रोज दहा-पंधरा अल्प्राझोलाम खाणारा माणूस एकदम बंद झाला तर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. बाहेरून तो शांत, थोडा थरथरणारा दिसतो, म्हणून कोठडीतल्या शिपायाला काही कळत नाही. या माणसाला डायझेपामसारखे लांब टिकणारे औषध देऊन डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. त्याला चौदा दिवस पुरतीलच असे नाही, पुढे काही आठवडे ओपीडीतून उतरवणे चालते. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर 'कोणते व्यसन, शेवटचा डोस कधी, रोज किती' हे तीन प्रश्न छापून घ्या. खर्च शून्य.

गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन हे मुख्य औषध. शेवटच्या गर्दनंतर निदान १२ तास जाऊन टर्कीची लक्षणे स्पष्ट दिसल्यावरच पहिली गोळी जिभेखाली द्यायची. घाईने दिली तर औषधच टर्की आणते, आणि तो रुग्ण पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही. सुईने घेणाऱ्यांना एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमाच्या ओएसटी (गर्दऐवजी पर्यायी औषध देणाऱ्या) केंद्रातून हे औषध मोफत मिळते. तिथे जोडून द्या, मनपाच्या दरकरारात ते शोधू नका. दहा दिवस 'स्वच्छ' करून घरी पाठवणे हा गर्दवरचा उपचार नव्हे. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि बाहेर पडल्यावर जुन्याच मापाने घेतले तर श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे याच कारणाने सगळ्यात धोक्याचे असतात.

गांजा आणि एमडी सोडवणारे असे खास औषध नाही. तिथे समुपदेशक हाच उपचार. वरचा १,५०० भेटींचा हिशेब म्हणूनच महत्त्वाचा.

लघवीच्या पट्ट्या मागवाल तेव्हा तपशील पाहा. पाच-सहा पदार्थांच्या साध्या पट्टीवर मेफेड्रोन दिसत नाही. शहरात एमडी चालते आणि अहवाल सगळे 'निगेटिव्ह', असा घोटाळा यातून होतो. उलट रोज गांजा ओढणाऱ्याची पट्टी बंद केल्यावरही तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. विसाव्या दिवसाची पॉझिटिव्ह पट्टी म्हणजे 'पुन्हा घेतले' असे नव्हे. पट्टीचा निकाल कोर्टाच्या अहवालात घालू नका. ती समुपदेशनापुरती वापरा.

पाणंद

तिघांचेही आभार. इमारतीचा मुद्दा काढून टाकला. टिपणी वाचून वरून एक प्रश्न आला आहे आणि तो चुकीचा वाटत नाही : सेवनाच्या केसमध्ये गुन्हा कबूल करून दंड भरला की माणूस दुपारपर्यंत घरी जातो. मग तो वर्षभर तुमच्या ओपीडीत का येईल?

कोर्टवारी

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर टिपणीत असलेच पाहिजे.

कलम २७ मध्ये गर्द, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा १०,००० किंवा दोन्ही. कबुली देऊन दंड भरणे सोपे वाटते खरे. पण ती दोषसिद्धी आहे. पोलीस पडताळणीत, नोकरीच्या साक्षांकन अर्जात ती सांगावी लागते. पुन्हा पकडला गेला तर कलम ३१ खाली कमाल शिक्षेच्या दीडपटीपर्यंत जाता येते. वीस वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगत नाही, कारण त्याला त्या दुपारी घरी जायचे असते आणि वकिलाला पुढची केस असते. हे पाच मिनिटे समजावून सांगणारा माणूस म्हणजेच वर नोटशीट यांनी सांगितलेला समन्वयक. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याच्यामार्फत हे व्हावे.

पण 'स्वेच्छेने' हा शब्द जपा. अर्जावर सही आरोपीची, त्याला वाचून दाखवून, त्याच्या भाषेत. आई-वडिलांच्या सहीवर, पोलिसांच्या सांगण्यावरून किंवा 'नाहीतर आत टाकू' असे म्हणून घेतलेला अर्ज ६४-अ मध्ये बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. ज्याला नको आहे त्याला नकार देता आला पाहिजे.

आणखी एक, गोपनीयता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक स्थिती धरलेल्या आहेत. त्यामुळे रुग्णाच्या माहितीचे संरक्षण कलम २३ प्रमाणे लागू होते आणि केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणीही लागते. कोर्टाला जाणाऱ्या अहवालात तीनच गोष्टी : ठरलेल्या भेटी किती, झालेल्या किती, उपचार चालू आहेत, पूर्ण झाले की सोडले. समुपदेशनात तो काय बोलला ते नाही. माल कुणाकडून घेतला हे तर मुळीच नाही. एकदा का ओपीडीतली माहिती ठाण्यावर पोचली, की त्या गल्लीतून पुन्हा कोणी येणार नाही.

विलामेट

पोर्टलँडहून लिहिते आहे. अमेरिकेतल्या आमच्या ओरेगन राज्यात नेमका हाच विषय मोठ्या प्रमाणावर झाला, म्हणून थोडी भर घालते.

नोव्हेंबर २०२० मध्ये इथे मेझर ११० हा जनमताला टाकलेला कायदा मतदानाने मंजूर झाला. १ फेब्रुवारी २०२१ पासून जवळ थोडा पदार्थ सापडणे हा गुन्हा न राहता १०० डॉलरच्या दंडाची बाब झाली आणि गांजावरच्या कराचा पैसा उपचारांकडे वळवला. चूक वेळेची झाली. कायदा फेब्रुवारीत बदलला, पण उपचार संस्थांच्या हाती बहुतेक पैसा पडायला २०२२ चा मध्य उजाडला. मधल्या काळात पोलीस हातात पावती देत आणि खाली हेल्पलाइनचा नंबर असे. फोन करून आरोग्य चाचणी केली तर दंड माफ. फोन फारच थोड्यांनी केले. चिठ्ठी आणि माणूस यांच्यामध्ये कोणीच उभे नव्हते.

१ सप्टेंबर २०२४ पासून तो पुन्हा गुन्हा झाला, पण काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) राज्याच्या अनुदानातून तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवण्याचे कार्यक्रम चालवण्याची मुभा आहे. 'पूर्ण केले' याची व्याख्या प्रत्येक काउंटीची वेगळी. मल्टनोमा काउंटीत सुरुवातीला ३० दिवसांत तपासणी आणि एखादी सेवा घेतली की झाले, दुसरीकडे कित्येक महिने लागतात. एकच गुन्हा, नदी ओलांडली की नियम निराळा. तुमच्या जिल्ह्यात मनपा, नगरपालिका आणि सिव्हिल हॉस्पिटल वेगवेगळे दाखले देऊ लागले तर हेच होईल. उपचार आराखड्याचा एकच नमुना जिल्ह्यासाठी ठरवून घ्या.

नोटशीट

विलामेट यांचा मुद्दा घेऊन ठरावाचा क्रम सांगतो. आधी समुपदेशक आणि समन्वयक रुजू, चार खाटा राखीव, औषधांचा पहिला साठा कपाटात, मगच कोर्टाला आणि पोलिसांना पत्र. पत्र आधी गेले आणि पहिला माणूस "डॉक्टर गुरुवारी येतात" ऐकून परत गेला, तर दुसरा अर्ज कोणी करणार नाही.

ठरावात हे शब्द येऊ द्या : 'एनडीपीएस अधिनियम १९८५ च्या कलम ६४-अ च्या प्रयोजनार्थ मनपाचे अमुक रुग्णालय हे स्थानिक प्राधिकरणाने चालवलेले रुग्णालय आहे'. संस्थेला मान्यता देणार असाल तर तिचे नाव, मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक, मान्यतेची मुदत आणि तपासणीचा अधिकार कोणाला, हे वेगळ्या कलमात. प्रती प्रधान जिल्हा न्यायाधीश, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक, सरकारी अभियोक्ता आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना. कलम ३९ साठी शासनाची मान्यता लागते, तेव्हा त्या केसेस सिव्हिलकडेच जातील, हेही एका ओळीत लिहा. नाहीतर दोषसिद्धीनंतरचे लोक तुमच्याकडे पाठवले जातील आणि अहवाल कोर्टात नाकारला जाईल.

ओपीडी संध्याकाळी ६ ते ८ ठेवा. हमालीवर, गॅरेजात, रिक्षावर असलेला माणूस सकाळी १० ला आला तर त्याची मजुरी बुडते, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर तो येणे बंद करतो. संध्याकाळच्या दोन तासांसाठी परिचारिका आणि शिपाई यांचा जादा भत्ता तरतुदीत वेगळा दाखवा, तो लेखा विभाग हमखास खोडतो. खोडल्यास बदली पाळी लावून रजा द्या, पण वेळ बदलू नका.